जुना वाडा विकण्याआधी दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठा, वाई, सातारा, नाशिक अशा ठिकाणी ज्यांचा वाडा वर्षानुवर्षं कुलपात आहे आणि आता तो विकायचं ठरतंय, अशा कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं पुण्याची जास्त आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझं एकच म्हणणं आहे: विक्रीआधी पाणी थांबवा, लाकूड सावरा, कागद नीट करा. सजावट पुढच्या मालकावर सोडा.

विकायचाच आहे, तर दुरुस्तीवर पैसे का घालायचे?

तो कोणाला विकायचा, यावर हे ठरतं. बिल्डर जागा विकत घेतो. त्याच्या हिशेबात तुमचे खांब, कडीपाट, चौक यांची किंमत शून्य, उलट पाडण्याचा खर्च तो वजा करतो. त्याच्यासाठी एक खिळाही ठोकू नका. पण राहायला, छोटं अतिथिगृह चालवायला, संस्थेला किंवा स्टुडिओला जागा शोधणारा माणूस दिंडी दरवाजातून आत येतो तेव्हा आधी चौक बघून हरखतो, मग ओलीचा वास येतो, मग त्याची नजर वर जाते. वर काळे ओघळ आणि झुकलेली तुळई दिसली की तो गप्प होतो. खर्च नेमका किती येईल हे कळत नसल्यामुळे तो प्रत्यक्ष खर्चाच्या दुप्पट-तिप्पट रक्कम मनातल्या मनात कापतो. दुरुस्तीचा पैसा वसूल होतो तो इथे.

आणखी एक गोष्ट. अरुंद बोळातला वाडा पाडून नवी इमारत बांधायची तर सामासिक अंतरं, पार्किंग, रस्तारुंदी हे सगळं आडवं येतं, आणि मिळणारा एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. अशा जागी बिल्डरचा भावही फार चढत नाही. महापालिकेतून विकास आराखड्याचा अभिप्राय आधी घ्या. बोळातल्या पुष्कळ वाड्यांना वाडा म्हणूनच बरं गिऱ्हाईक मिळू शकतं. निदान एक वर्ष तसा खरेदीदार शोधून बघा, मग बिल्डरकडे जा.

सुरुवात कुठून करायची?

एक पावसाळा वाड्यात जाऊन बघा. धो-धो पाऊस चालू असताना टॉर्च आणि खडू घेऊन माडीपासून खाली या. जिथे थेंब पडतो, जिथे भिंत ओली लागते तिथे खडूने खूण करा, फोटो काढा. उन्हाळ्यात कोरड्या घरात कितीही अनुभवी माणूस आणला तरी त्याला हे दिसत नाही. पावसाळा हातात नसेल तर किमान छपरावर पाइपने पाणी सोडून बघा.

त्याच काळात कागदांचं काम सुरू करा, कारण ते छपरापेक्षा जास्त वेळ खातं.

वाड्यावर आजोबांचंच नाव आहे आणि वारस पंधरा-वीस. काय करायचं?

बहुतेक वाडे अडकतात ते इथे. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा. त्यावर कोणाची नावं आहेत आणि सत्ताप्रकार काय आहे, या दोन गोष्टी बघा. सरकारी भाडेपट्टा, इनाम किंवा शर्तीची जागा निघाली तर विक्रीला परवानगी लागू शकते.

मग वंशावळ लिहून काढा, आणि ती लिहिताना आत्या, बहिणी, त्यांची मुलं यांना वगळू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. ‘आत्याचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, ती काही मागणार नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. ती मागणार नसेल तर तिच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. मागत असेल तर तिचा वाटा द्या. साध्या कागदावर किंवा नुसत्या नोटरीसमोर केलेली सही खरेदीदाराच्या वकिलापुढे टिकत नाही.

वारसांपैकी एकाने आपला हिस्सा परस्पर बाहेरच्याला विकायचं ठरवलं तर काय, असंही विचारतात. वारसाहक्काने एकत्र आलेल्या हिंदू वारसांना असा हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. राहत्या एकत्र घरात बाहेरच्याने हिस्सा घेतला आणि तो वाटपासाठी कोर्टात गेला, तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली घरचे लोक तो हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला घेऊ शकतात. भांडण कोर्टापर्यंत न्यावं असं मी मुळीच सुचवत नाही. पण हे हक्क माहीत असले की घरातली बोलणी शांतपणे होतात.

वाड्यातल्या देवळाकडेही लक्ष द्या. गणपती किंवा मुरलीधर सार्वजनिक दर्शनाचा असेल आणि त्याचा न्यास नोंदलेला असेल, तर न्यासाच्या मालकीचा भाग धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

वाड्यात जुने भाडेकरू आहेत. ते असताना विकता येतो का?

येतो. खरेदीदार नवा घरमालक होतो आणि भाडेकरूचा हक्क तसाच पुढे चालतो. भाडेकरू आहेत हे लपवून विकायचा मात्र विचारही करू नका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. इमारत नीट ठेवण्याची जबाबदारी त्यात घरमालकावरच आहे, भाडं महिना तीस रुपये असलं तरी. जागा रिकामी केल्याशिवाय होणारच नाही अशी दुरुस्ती असेल तर ती कोर्टामार्फत रिकामी करून घेता येते, पण दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत येण्याचा हक्क असतो. ‘वाडा पडू दे, मग भाडेकरू आपोआप जातील’ असा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला अमानुष आहे आणि कायद्यानेही चुकीचा आहे. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलेलं आहे.

भाडेकरूंशी बोला. वरून गळतं ते त्यांच्याच अंथरुणावर. छपराचं काम निघालं की बहुतेक जण साथ देतात, आणि कुठली भिंत कधी फुगली हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

महापालिकेची ‘धोकादायक’ नोटीस आली आहे. आता पाडावाच लागेल?

नोटिशीत वर्ग कोणता दिला आहे ते बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ सोडून बाकी तिन्ही वर्गांत वाडा वाचतो.

संरचना परीक्षण करणारा इंजिनिअर लाकडी सांगाड्याची घरं जाणणारा निवडा. फक्त आरसीसी इमारतींवर काम केलेला माणूस मातीची भिंत बघून लगेच ‘आयुष्य संपलं’ असं लिहून मोकळा होतो. वाड्याचा भार बहुतेक खांब आणि तुळयांवर असतो. मधली भिंत भेगाळली म्हणजे सांगाडा गेला असं होत नाही. हाच परीक्षण अहवाल पुढे खरेदीदाराच्या बँकेलाही लागतो.

वाडा हेरिटेज यादीत असेल किंवा शनिवारवाड्याजवळ असेल तर?

हे दोन वेगळे विषय आहेत.

महापालिकेच्या वारसा यादीतल्या वास्तूंना श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळजवळ कशालाच हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल जपून करता येतात, तिसऱ्या श्रेणीत त्याहून मोकळीक असते. दुरुस्तीचा प्रस्ताव वारसा समितीपुढे जातो. विक्रीला मात्र बंदी नसते.

शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती निषिद्ध क्षेत्रातही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. याचा अर्थ नीट समजून घ्या: निषिद्ध क्षेत्रात वाडा पाडला तर त्या जागेवर काहीच उभं करता येत नाही. तिथे उभा वाडा हीच मिळकत आहे, आणि तो पडू देणं म्हणजे कुटुंबाचं थेट नुकसान.

छपराचं काय करायचं?

सगळ्यात आधी आणि सगळ्यात चोख करायचं काम हेच. दिवाळीनंतर सुरू करा, मृगाआधी संपवा. शाकारणी करताना सगळी कौलं उतरवा, कुजलेले वासे आणि रिपा बदला, चांगली कौलं धुऊन परत चढवा. फुटलेल्यांच्या जागी त्याच छापाची मंगळुरी कौलं घाला, वेगळ्या छापाची एकमेकांत बसत नाहीत. चौकाच्या कोपऱ्यांत दोन छपरं मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळी जवळजवळ नेहमी गंजलेल्या असतात. घरातली निम्मी गळती तिथूनच असते, त्या पूर्ण नव्या करा.

माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, सिमेंटचा कोबा किंवा डांबर ओतू नका. खालच्या लाकडावर वजन वाढतं आणि भेग पडली की पाणी आत अडकून राहतं. जुनी माती काढून वजन कमी करणं आणि चुन्याचा कोबा उतारासकट नव्याने करणं हा खरा उपाय आहे.

खांब आणि तुळया खराब झाल्या आहेत हे कसं ओळखायचं?

लाकूड मधोमध क्वचित कुजतं. कुजतं ते टोकाला, जिथे तुळई भिंतीत शिरते आणि हवा लागत नाही, आणि बुडाशी, जिथे खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, बसतो. लाकडी मुठीच्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लाकूड ठीक. बद्द आवाज आला तर जाड पेचकस टोचून बघा. बोटभर आत गेला तर तेवढा भाग गेला. बारीक पिवळसर पूड दिसली तर भुंगा लागलाय, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी.

एक गोष्ट पेठांमधल्या वाड्यांत हमखास सापडते. मूळ तळखडा जमिनीच्या वर चांगला वीतभर उंच होता. नंतर कोणीतरी जुन्या जमिनीवरच शहाबादी बसवली, मग तिच्यावर टाइल्स. जमीन चढत गेली आणि दगड तिच्या पोटात गडप झाला. खांबाचं सागवान आता थेट फरशीला टेकलंय, आणि रोज फरशी पुसली की ते पाणी पितं. खांबाभोवती हातभर फरशी फोडून तळखडा पुन्हा मोकळा करणं हे एका दिवसाचं काम आहे. खर्च नगण्य आणि फायदा खूप मोठा. मला विचाराल तर वाड्यात केलेली ही सर्वांत मोलाची दुरुस्ती.

कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा जुन्या सागवानाचा तुकडा सांधायचा असतो. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं. ते पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे पुढे पिळत नाही. सुताराने हात लावण्याआधी माडीच्या दोन्ही बाजूंना टेकू लागलेच पाहिजेत, इंजिनिअरने सांगितलेल्या जागी. घाईत लोक कुजलेल्या तुळईखाली लोखंडी आय-सेक्शन ठोकतात. तात्पुरतं चालेल, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये. खरेदीदाराचा इंजिनिअर ते लगेच ओळखतो.

भिंतींना सिमेंटचा गिलावा केला तर स्वस्तात होईल ना?

आज स्वस्त पडेल. जोतं दगडी, वर विटा किंवा पांढऱ्या मातीचं बांधकाम, आणि वरून चुन्याचा गिलावा अशी ही भिंत जमिनीतली ओल थोडीथोडी शोषते आणि उन्हात बाहेर टाकते. वर सिमेंट चोपडलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते, लोणा लागतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पोपडा आतली माती घेऊन निखळतो. भिंतीतल्या तुळईचं टोकही त्याच ओलीत कुजतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती पाण्यात भिजून बसल्या. मातीच्या भिंतीचं पाण्याशी किती वाकडं आहे, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

चुन्याचं काम करणारे गवंडी आजही मिळतात, शोधावे लागतात. चुनकळी भिजवून नीट मुरू द्यावी लागते. मग वाळू किंवा विटांची पूड घालून तो मळतात. गूळपाणी, हिरडा, बेलफळाचा गर असं काही प्रत्येक गवंडी आपापल्या पद्धतीने घालतो. गिलावा पातळ थरांत होतो आणि प्रत्येक थर सावकाश वाळावा लागतो. एप्रिलच्या उन्हात ओली पोती लावून ठेवावी लागतात. सगळं घर चुन्यात करायला पैसे नसतील तर निखळलेला भागच करा. बाकी ठिकाणी जुना गिलावा धरून असेल तर त्याला हात लावू नका.

भिंत ओली का होते हे मात्र आधी शोधा. निम्म्या वेळा कारण माडीवरच्या मोरीत सापडतं.

रंग काढून सागवान पॉलिश करायचं का?

खांबांवर, महिरपींवर तीन-चार पिढ्यांचा ऑइलपेंट असतो. तो काढण्याची हौस सगळ्यांना असते. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग वापरलंत तर नक्षीची धार कायमची जाते. तो गुळगुळीत खांब मग कोणीही दुरुस्त करू शकत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं टाळा, मास्क लावा, मुलांना दूर ठेवा.

विक्रीआधी दर्शनी भाग आणि दिवाणखान्याचे एक-दोन खांब रंग काढण्याच्या रसायनाने, मऊ ब्रशने साफ करा. खाली काय दडलंय हे खरेदीदाराला तेवढ्याने कळतं. साफ लाकडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. त्या तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका. ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवूनच फेका.

भिंतींना प्लास्टिक पेंट नको, चुन्याची सफेदी करा. विश्रामबाग वाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग बाजीराव रस्त्यावरून जाताना कोणालाही दिसतो. तुमच्या सुताराला आणि रंगाऱ्याला एकदा तिथे उभं करा.

नवीन बाथरूम, मॉड्युलर किचन?

नको. खरेदीदार ते उखडणार. चालू असलेलं एक स्वच्छ संडास-न्हाणीघर, न तुंबणारं ड्रेनेज आणि सुरक्षित वीज एवढं पुरे. लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायरिंग मात्र काढाच. वाळलेल्या सागवानाच्या घरात एक ठिणगी बास होते. नवी वायरिंग आरसीसीबीसह (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) करा.

चौकातला हौद बुजवला आहे. मोकळा करावा का?

हो. कात्रजहून पेठांत पाणी आणणारी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली योजना पुणेकरांना ठाऊक आहे, आणि काही वाड्यांतले हौद तिच्याशी जोडलेले होते. डबर काढून हौद साफ करा, वर जाळी बसवा. अशी गोष्ट बघायला येणाऱ्याच्या लक्षात राहते.

कोरीव दरवाजाला चांगला भाव येतोय. वेगळा विकू का?

दरवाजा, महिरपी, कडीपाटाच्या फळ्या काढून नेणारे दलाल कुलूपबंद वाड्यांच्या मागावरच असतात. एकदा दरवाजा गेला की वाडा ‘वाडा’ म्हणून दाखवता येत नाही. उरतो तो भूखंड. विकू नका. वाडा रिकामा असेल तर राखण ठेवा आणि प्रत्येक कोरीव भागाचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सापडले. भिंतीत काही सापडलं तर?

कागद रद्दीत घालू नका, उन्हात पसरू नका, सेलोटेप लावू नका. आहेत त्या क्रमाने कोरड्या सुती कापडात बांधा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद सांभाळतंय, तिथे दाखवा. तुमच्या मालकीहक्काचा एखादा जुना दस्तही त्यातच निघू शकतो.

भिंतीत किंवा जमिनीत पुरलेलं धन निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. त्यातली मर्यादा आजही दहा रुपये आहे. त्यापेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मजुरांना हे कामाच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी नेता येत नाहीत, त्यामुळे अमेरिकेतल्या भावाला आजीची समई पाठवण्याआधी तिचं वय तपासा.

विक्रीवर कर किती? दुरुस्तीचा खर्च वजा होतो का?

वडिलोपार्जित वाडा १ एप्रिल २००१ च्या आधीपासून घरात असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. मात्र ती त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल घ्या. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो.

छप्पर नवं करणं, तुळया बदलणं अशी मोठी कामं सुधारणेचा खर्च म्हणून वजा होऊ शकतात. वरवरची रंगरंगोटी होत नाही. म्हणून सुतारापासून कौलवाल्यापर्यंत प्रत्येकाला बँकेतून पैसे द्या आणि पावती घ्या. आकडेमोड तुमच्या सीएकडून करून घ्या.

आम्ही परदेशात आहोत. तिथून हे सगळं जमेल का?

जमेल, पण दोन गोष्टी आधी करा. इथल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करताना त्यात दुरुस्तीचे आणि विक्रीचे अधिकार वेगवेगळे लिहा. तिकडच्या भारतीय वकिलातीत ते साक्षांकित करून इथे मुद्रांकित करून घ्या. दुसरं, अनिवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदाराला निवासी माणसापेक्षा खूप जास्त कर कापावा लागतो, आणि निर्देशांकाची ती वेगळी सवलत अनिवासींना नाही. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून व्यवहाराआधी मिळवा, नाहीतर मोठी रक्कम परताव्याची वाट बघत अडकून पडते.

दोष खरेदीदाराला सांगायचे की झाकायचे?

सांगायचे, लिहून. साध्या पाहणीत न दिसणारा आणि तुम्हाला माहीत असलेला मोठा दोष सांगण्याची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर टाकली आहे. एक फाइल बनवा: पावसाळ्यात खडूने केलेल्या खुणांचे फोटो, परीक्षण अहवाल, कुठल्या तुळईचं टोक सांधलं आणि कुठलं राहिलंय त्याचा कच्चा नकाशा, चुन्याचं मिश्रण करणाऱ्या गवंड्याचं आणि सुताराचं नाव-नंबर, भाडेपावत्या, मिळकतकराच्या पावत्या. विसाराची रक्कम घेण्याआधी ही फाइल खरेदीदाराच्या हातात द्या आणि त्याच्या इंजिनिअरला माळ्यावर चढून हवं तेवढं ठोकून बघू द्या.